तडकलेला पेला

अहो, हात मागे घ्या! आधी ऐकून घ्या, मग पेल्याला हात लावा. झऱ्याशेजारच्या कोनाड्यात हा जो हिरवट पेला दिसतोय ना, तो चिनी मातीचा. आमच्या वेळशेत गावात येणारा प्रत्येक पाहुणा पहिलं हेच विचारतो, केवढा जुना, केवढ्या किमतीचा. त्याला हा तडा कसा गेला, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. माझं डोकं फिरतं ते तिथेच.

वर गड दिसतोय. तिथे एक किल्लेदार होता. त्याचं नाव आमच्या गावात कोणी घेत नाही, मीही घेणार नाही. त्याला हा पेला म्हणे सुलतानाकडून बक्षीस मिळाला होता. चिनी भांडी गलबतांतून दाभोळला उतरायची, तिथून दरबारी जायची. आणि दरबारी लोकांची पक्की समजूत, की असल्या हिरव्या भांड्यात विष पडलं की ते तडकतं. झालं! घरच्या माणसांवरही ज्याचा भरवसा नव्हता, त्याने आपला जीव या पेल्याच्या हवाली केला.

भिवा हा त्याचा आचारी. पौषातली सकाळ, किल्लेदाराला पडसं झालेलं. भिवाने सुंठीचा उकळता काढा आणला आणि गारठलेल्या पेल्यात ओतला. पेला कट्‌कन तडकला. तडकणारच की! काचेच्या बरणीत उकळतं ओतलं तर तुमच्या घरी काय होतं? पण किल्लेदार ओरडला, "विष!" आणि भिवाला बांधून कड्यावर नेऊन उभं केलं.

भिवाची बायको येसाई याच झऱ्यावर पाणी भरत होती. तिला कळलं तशी हंडा टाकून गड चढली, थेट सदरेत घुसली आणि पेल्यात उरलेला काढा सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. मग तिथेच बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, तरी तिला साधं मळमळलंसुद्धा नाही.

"मी जिवंत आहे," ती म्हणाली. "आता माझा माणूस सोडा."

आणि तो नालायक काय म्हणाला? "पेला खोटं बोलत नाही." जिवंत बाई समोर बसलेली, आणि याचा विश्वास मातीच्या भांड्यावर! भिवाचा कडेलोट केला. सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते.

येसाईने तो पेला उचलला आणि खाली आली. या झऱ्याचा थेंबही गडावर जाणार नाही, अशी तिने इथे शपथ घेतली, असं सांगतात. गावच्या बायकांनी हंडे पालथे घातले. शिपाई गावचेच, तेही हलले नाहीत. वैशाखात गडावरची टाकी आटली आणि किल्लेदार स्वतः पायी उतरला. ओठ फुटलेले.

येसाईने याच पेल्यात पाणी भरून पुढे केलं. तड्यातून ते ठिबकत होतं.

"पेला तडकलाय. तुझ्या हिशेबाने यात विष आहे," ती म्हणाली. "पितोस?"

त्याने पेला हिसकावून घेतला आणि प्यायला. सगळं गाव बघत होतं.

"विष नव्हतं ना? मग माझा भिवा परत दे."

किल्लेदाराने पेला खाली ठेवला आणि पाठ फिरवली. तो पुन्हा गडावर चढला नाही म्हणे. कुठे गेला, कोणी विचारलंही नाही.

आजही वेळशेतात पाऊल टाकणारा माणूस, मग तो मंत्री असो की गावचा जावई, याच पेल्यातून घोटभर पाणी पितो. आणि पिण्याआधी मोठ्याने म्हणतो, "भिवाने विष घातलं नव्हतं." मागे एक साहेब नुसतेच हसले. त्यांना तसंच तहानलेलं परत पाठवलं आम्ही.

तेव्हा तो मोबाइल आधी खिशात घाला. हं, धरा पेला, गळतोय. आणि बोला आता, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.