बगळोबांचे दोन पाय

ओढ्याकाठच्या रानात एक खार राहत असे. अंगाने मूठभर, पण बुद्धिबळात भल्याभल्यांना पाणी पाजायची. दर माघात वडाखाली स्पर्धा भरे आणि शेवटच्या डावात ती हमखास हरे, तेही एका म्हाताऱ्या बगळ्याकडून. तिची आई विजयाची माळ गुंफून आणी आणि तशीच घरी नेई. सलग तीन वर्षे असे झाले. मला तर त्या आईचीच जास्त दया येते.

"यंदा बगळोबांना पुरतं ओळखून घेते," खार म्हणाली. वर्षभर ती रोज त्यांच्याशी खेळली आणि तिला एक गुपित सापडले. डाव अडचणीत आला की बगळोबा एक पाय पोटाशी घेत, निर्धास्त असले की दोन्ही पायांवर उभे राहत. मग काय, खार पटाकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहू लागली. मुलांनो, गंमत म्हणजे त्यामुळे ती बरेच डाव जिंकलीही.

माघ आला. शेवटच्या डावात खारीने बगळ्याचा वजीर मारला. पुढे हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात, हे तिला स्वच्छ दिसत होते. तिने हत्ती धरला आणि सवयीने खाली पाहिले. बगळोबा दोन्ही पायांवर ताठ उभे होते. 'नक्की काहीतरी सापळा आहे,' असे वाटून तिने हत्ती मागे घेतला. तेवढ्या सवडीत बगळ्याचा घोडा आत घुसला आणि दहा खेळ्यांत खारीवरच मात झाली.

खारीचे डोळे भरून आले. "बगळोबा, मी हत्ती पुढे नेला असता तर?"

"तर मी हरलो असतो, पोरी."

"मग दोन पायांवर कसे उभे होतात?"

"अगं, भीतीने गुडघे लटपटत होते. एक पाय उचलला असता तर पटावरच कोसळलो असतो."

खारीला रडता रडता हसू आले. "चौथी माळ काही मी घरी नेत नाही," म्हणत आईने ती बगळ्याला घातली. खारीच्या मापाची माळ, ती चोचीतच अडकली. तशा चोचीनेच बगळोबांनी सोंगट्या पुन्हा मघाच्या घरांत मांडल्या.

"ये, आता ठेव तो हत्ती," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे बघू नकोस."

तात्पर्य : समोरच्याचे पाय वाचता आले, म्हणून पट वाचायचे सोडू नये.