सहावा थाळा

एका गावात एक पाववाली राहत होती. सगळं गाव भाकरीवर वाढलेलं, पण हिनं परसात मातीची भट्टी बांधून घेतली होती आणि तिच्यात रोज काही ना काही नवं चाललेलं असे. आज बडीशेप घातलेला पाव, उद्या नाचणीची बिस्किटं, परवा ताकातला केक. कधी जमे, तर कधी बिस्किटं अशी होत की त्यांनी भिंतीत खिळा ठोकावा. गावानं आधी नावं ठेवली, मग चव घेतली, आणि आता सणासुदीला तिच्याच दारात गर्दी होई.

बाईचा हात चांगला होता, पण जीव भारी घाबरा. भट्टीतून काहीही निघालं की ती आधी त्याचा एक कोपरा मोडून उभ्याउभ्याच तोंडात टाकी. तो नीट लागला की मग कुठे तिचा श्वास खाली बसे. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो विणकर. त्याचं सगळं लक्ष मागावर, आणि काहीही खाल्लं तरी तो 'छान' म्हणे. एकदा नुसतं कच्चं पीठ खाऊनही तो छान म्हणाला होता.

त्या गावात देवीच्या उत्सवाचा प्रसाद दर वर्षी एकेका घराकडे असे, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रसाद म्हणजे शिरा. त्याचे नियम दोनच होते. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी चाखायचं नाही, आणि प्रसादाला कुणी नावं ठेवायची नाहीत. यंदा पाळी पाववालीची होती.

"मी गूळ-खोबऱ्याचा केक करणार," तिनं देवळातल्या म्हाताऱ्या गुरवीणकाकूंना सांगितलं.

"कर की," काकू म्हणाल्या. "देवीलाही शिरा खाऊन कंटाळा आला असेल. पण आधी घरी चार वेळा करून बघ. देवीचा घास चाखता येत नाही, हे ध्यानात ठेव."

पाववालीनं चार नाही, पाच वेळा करून बघितला. पाचही वेळा केक कापसासारखा झाला. तिनं गावभर सांगितलंही, की यंदा असं काही खाल की बोटं चाटत बसाल.

उत्सवाच्या दिवशी सकाळी तिनं मोठ्या परातीत गूळ, कणीक, ताक आणि खोबरं कालवलं. सोड्याचा डबा उघडला. नेमकी तेव्हाच शेजारची कुंभारीण कुंपणावरून हाक मारायला लागली.

"वहिनी, तुमची बारीक चाळणी द्या हो. मला बाजारगावी जायचंय, उशीर होतोय."

पाववालीनं हात पुसले, चाळणी शोधून दिली, दोन शब्द बोलली आणि परत परातीपाशी आली. डबा उघडाच होता. सोडा घातला होता की घालायचा राहिला होता? तिनं परातीत पाहिलं. पिठावर काही दिसत नव्हतं. आठवायला गेली तर काल घातलेला आठवे, परवा घातलेला आठवे, आजचा काही आठवेना. शेवटी तिनं मन घट्ट करून सोडा घातला. पीठ फसफसून परातीच्या काठापर्यंत आलं. एवढं वर ते आधी कधी आलं नव्हतं.

एक थेंब जिभेवर ठेवला असता तर कळलं असतं. पण तो देवीचा घास होता. घरात रवा होता, तूप होतं, शिऱ्यापुरता वेळही होता. पण गावभर सांगून बसली होती ना. आता शिरा नेला तर लोक काय म्हणतील, या धाकानं तिनं पीठ सहा थाळ्यांत ओतलं आणि भट्टीचं तोंड लावून घेतलं.

केक निघाले ते पाहण्यासारखे. रंग तर असा दाट तांबूस आला होता की तसा पाच वेळांत एकदाही आला नव्हता. त्या रंगानंच तिला जास्त भीती वाटायला लागली. पाच थाळे टोपलीत बसले, सहावा बसेना. तो तिनं घरीच झाकून ठेवला आणि देवळाची वाट धरली.

नैवेद्य झाला. पानापानावर प्रसाद वाढला गेला. पाववाली खांबाला टेकून एकेकाचं तोंड पाहत होती. लोहारानं एक घास घेतला आणि थोडा वेळ तो चावायचाच थांबला. मग "वा, छान," म्हणाला आणि उरलेला तुकडा पानात बांधला. "पोरांना नेतो." त्याच्या बायकोनंही बांधला. तेलीणबाईंनी बांधला. सगळ्या गावालाच आज पोरांची फार आठवण येत होती. तरी प्रत्येक जण जाताजाता तिला छान म्हणून जाई, आणि प्रत्येक छानबरोबर तिच्या छातीतली धडधड वाढत जाई. करणारीनं शेवटी घ्यायचं, अशी रीत. तिची पाळी आली तेव्हा टोपली रिकामी होती.

घरी जाताना तिनं नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा, कसा झाला होता?"

"छान," तो म्हणाला आणि वाटेत दोनदा थांबून पाणी प्यायला.

घरी ओट्यावर सहावा थाळा झाकलेला होता. तो नैवेद्यात गेला नव्हता, म्हणजे चाखायला कुणाची हरकत नव्हती. पाववालीनं झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. चांगला असला तर उत्तमच. पण नसला तर? मग सगळ्या गावाला, प्रत्यक्ष देवीला आपण तसलं खाऊ घातलं, हे पक्कं ठरणार. न चाखता निदान 'छान' तरी हाताशी होतं. तिनं आधी भांडी घासली, मग ओटा पुसला, मग अंगण झाडलं, आणि मग झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं.

दुपारी कुंभारीण बाजारगावाहून आली ती थेट तिच्या स्वयंपाकघरात.

"वहिनी, वाटेत जो भेटला तो तुमच्या केकाला छान म्हणतोय. माझा प्रसाद चुकला. एखादा थाळा उरलाय का? उन्हं उतरली की मुलाकडचे आमच्या पोरीला बघायला येतायत. हलवाई आहेत, खाण्यापिण्यातले जाणते. सांगेन पोरीनंच केलाय. दोन स्थळं मोडलीत हो तिची. हे जमलं पाहिजे."

पाववालीची नजर ओट्यावर गेली. थाळा उचलून देणं किती सोपं होतं. सगळं गाव साक्षीला होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती मुलगी आली, पदर सावरत थाळी पुढे करणारी, आणि समोर तोंडात घास धरून बसलेली हलवाईण. तिथे काही प्रसाद नव्हता. तिथे कुणी पानात बांधून घेणार नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. तिनं झाकण काढलं, एक कोपरा मोडला आणि डोळे मिटून तोंडात टाकला.

आधी गूळ लागला. मग साबणाचं पाणी प्यावं तशी कडवट चव जिभेभर पसरली आणि जाता जाईना. सोडा दोनदा पडला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गंमत अशी, की सकाळपासून पहिल्यांदाच तिची छाती धडधडायची थांबली.

"हा देणार नाही," ती म्हणाली. "बिघडलाय. चाखून बघा."

कुंभारणीनं चाखला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "अगंबाई. मग आता?"

"अजून दोन तास आहेत. पोरीला पाठवा. नानकटाई करू. ती मळेल, मी भट्टी सांभाळीन. म्हणजे पोरीनं केली असं सांगायला खोटं नको."

मुलगी आली. तिनं तूप-साखर फेसली, पीठ मळलं, गोळे वळले. पहिला घाणा निघाला तशी पाववालीनं एक नानकटाई मोडून अर्धी तिला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. हलवाईणीनं त्या संध्याकाळी तीन खाल्ल्या, चौथी मागून घेतली आणि पोरीला जवळ बसवून तुपाचं प्रमाण विचारलं. पोरीला ते सांगता आलं. स्थळ जमलं.

दुसऱ्या दिवशी पाववाली देवळात गेली. आरतीनंतर सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, "कालच्या प्रसादात माझ्या हातून सोडा दोनदा पडला. शंका मला सकाळीच आली होती. ती बोलायला मी भ्याले. मला माफ करा."

लोहार म्हणाला, "म्हणजे तो सोडा होता होय? मला वाटलं माझं पित्तच वाढलंय. मी रात्रभर ओवा खात बसलो."

तेलीणबाई म्हणाल्या, "मी तुकडा गाईपुढे ठेवला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली." मग जो तो आपापला तुकडा कुठे लपवला ते सांगायला लागला, आणि देऊळ हसण्यानं भरून गेलं. पाववालीही हसता हसता रडली.

गुरवीणकाकू सगळ्यांत शेवटी बोलल्या. "देवीचा घास चाखायचा नाही, हे खरं. पण नैवेद्याचं काढून ठेवायच्या आधी वाटीभर पीठ वेगळं काढून, ते भाजून खाल्लं, तर तो देवीचा घास कसा? इतकी वर्षं कुणाला हे सुचलं नाही, कारण शिऱ्याला कधी कुणी घाबरलंच नाही."

तेव्हापासून त्या गावात प्रसाद करणारी बाई आधी एक वाटी वेगळी काढते. तिला चाखणीची वाटी म्हणतात. पुढच्या वर्षी गावानं हट्टानं पाववालीकडूनच पुन्हा गूळ-खोबऱ्याचा केक करून घेतला, आणि त्या दिवशी पोरांसाठी एक तुकडाही कुणी घरी नेला नाही.

तात्पर्य: शंभर जणांच्या 'छान'नं मनातली शंका जात नाही. ती आपणच चाखून पाहावी लागते, आणि कडू निघाली तर तसं सांगावं लागतं.