पटकीचं सोंग घेणारा येसबा

आपल्या तांबडदऱ्याला अजून गाडीवाट नव्हती, फार वर्षांपूर्वीची, तेव्हाची ही गोष्ट. येसबा नावाचा एक बहुरूपी होता. गावोगाव सोंगं घेऊन हिंडायचा. तो वाघ झाला की गोठ्यातली गुरं दावं तोडायची, असं म्हणतात. डफ वाजवायला त्याची लहानगी लेक मैना बरोबर असायची.

एका पावसाळ्यात त्यानं आपल्या ओढ्याकाठी पाल टाकलं, आणि पटकीची साथ आली. जुलाब-उलट्यांनी मैना दिवस मावळायच्या आत गेली. गावातलीही कितीतरी पोरं गेली. येसबानं रंगाची पेटी बंद केली आणि तो शाळेच्या पायरीवर बसून राहू लागला.

आत वामनमास्तर शिकवायचे, "पाणी उकळून प्या. जेवणाआधी हात धुवा. ओढ्याकाठी परसाकडे बसू नका." पोरं ते घोकायची, आणि घरी जाताना त्याच ओढ्याला तोंड लावायची. घरची माणसं म्हणायची, हा देवीचा कोप, तिथं पाणी काय करणार!

एक दिवस येसबा आत गेला. "मास्तर, पाणी उकळलं असतं तर माझी मैना वाचली असती?"

मास्तरांना खोटं बोलवेना. "बहुतेक वाचली असती, येसबा."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी उघडली.

ज्या रोगानं लेक नेली, त्याचंच सोंग त्यानं घेतलं. हिरवट तोंड, खोल गेलेले डोळे, ओले केस. तो शाळेच्या दारात उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी पटकी. तुमच्या न धुतलेल्या हातांवर बसते. ओढ्याच्या पाण्यातून पोटात उतरते. आत येऊ का?"

पोरं किंचाळत मास्तरांच्या मागं लपली. एकटी सुताराची चंद्रा हलली नाही. ती मैनेची मैत्रीण. तिनं विचारलं, "तू मैनेला का नेलंस?"

येसबानं सोंग सोडलं नाही. "तिच्या बापानं मला ओढ्याच्या पाण्यातून तिला पाजलं. त्याला ठाऊक नव्हतं, पोरी. आता तुला ठाऊक आहे."

त्या संध्याकाळी चंद्रानं आईला चुलीवर पाणी ठेवायला लावलं. आजीनं उकळलेलं पाणी बेचव म्हणून ओतून दिलं, तर चंद्रानं पुन्हा ठेवलं. मग येसबा रोज एकेका दारात जाऊ लागला. "आत येऊ का?" घरात उकळलेलं पाणी असेल, सगळ्यांचे हात धुतलेले असतील, तर पोरं ओरडायची, "जा माघारी!" आणि पटकी धडपडत, अडखळत पळायची. नसेल, तर ती उंबऱ्यावर फतकल मारून बसायची आणि काही केल्या उठायची नाही. शेजारीपाजारी हसायचे. मग कुठलीही माउली मुकाट्यानं हंडा चढवायची. चंद्राच्या आजीच्या दारात तर तो भर उन्हात दुपारभर बसला. शेवटी म्हातारी म्हणाली, "ऊठ रे बाबा, ठेवलं पाणी!"

पुढच्या पावसाळ्यात खरी पटकी आली. खोऱ्यातली गावं ओलांडत ती आपल्या शिवेवर पोचली आणि तिनं विचारलं, "आत येऊ का?" घराघरातून पोरं एका सुरात ओरडली, आणि तो आवाज ऐकून ती डोंगरापलीकडे निघून गेली, असं म्हणतात. त्या वर्षी तांबडदऱ्यातलं एकही पोर गेलं नाही. ही मात्र नुसती म्हणायची गोष्ट नव्हे.

येसबा पुढं कितीतरी वर्षं जगला. चंद्राच्या लग्नात तो पुन्हा वाघ झाला.

आजही पावसाळ्याच्या तोंडावर गावातलं कुणीतरी पटकीचं सोंग घेतं. आधी कुणी कुणाला सांगत नाही. दारोदार फिरून झालं, की त्या वर्षी शाळेत आलेली चिमुरडी पोरं तिला हाताला धरून शाळेच्या अंगणात नेतात. साबण लावून तिचं हिरवं तोंड धुतात. रंग उतरतो आणि आतून कुणाची तरी आई, कुणाचा तरी मामा निघतो. पण पोरं त्यांचं नाव घेत नाहीत. टाळ्या पिटत ओरडतात, "येसबा आले! येसबा आले!"