दोन वाघ्ये आणि एक हाक

हे काय माझं गोष्टी सांगायचं वय आहे? पण सून म्हणते, कॉम्प्युटरासोबत काही अवजारं आयती येतात, त्याच नावाचं दुसरं आपण वेगळं आणून बसवलं की हाक एकाला आणि ओ दुसऱ्याची. त्यावर शाळेच्या अंकासाठी बोधकथा द्या. बोधकथा म्हणजे काय भजी आहेत, मागितली की तळली? असो. घ्या.

एका माळावर धुळा नावाचा एक धनगर होता. त्याचा कुत्रा वाघ्या. पिल्लू असल्यापासून धुळानं हातानं घडवलेला. "धर!" म्हटलं की थेट लांडग्याच्या नरड्याला जायचा. असा कुत्रा पंचक्रोशीत नाही, असं धुळा छाती काढून सांगायचा, आणि ते खरंही होतं.

एका वर्षी त्यानं शेजारगावचा कळप घेतला. कळपासोबत त्याचा कुत्राही आला. त्याचंही नाव वाघ्याच. धनगराच्या कुत्र्याला दुसरं नाव सुचतं कुणाला! हाही गुणी होता, पण शिकवण वेगळी. "धर!" म्हटलं की लोकर कातरायची मेंढी पायाला अलगद धरून उभी करायची, एवढंच त्याला ठाऊक.

धुळाची बायको बाळाबाई म्हणाली, "अवं, एका नावाचे दोन झाले. कुठला त्ये सांगून हाक मारत जावा. मी भाकरी टाकताना घरच्या वाघ्या, कळपाच्या वाघ्या, असंच म्हणते. भांडत न्हाईत."

"मी धनगर हाय का तलाठी, पुरं नाव घ्यायला?" धुळा म्हणाला. "माझा आवाज माझ्या कुत्र्याला कळतो."

कळायचा. पण हाकेला दोघंही धावायचे. नव्याला पायाशी घोटाळायची खोड, म्हणून तोच आधी पोचायचा. दिवस लोकर कातरायचे, म्हणून मागून आलेल्या घरच्या वाघ्यावर धुळा खेकसायचा, "तू न्हवं!" वाघ्या शहाणा. पुढं पुढं तो हाक आली तरी जागचा हलेना.

मग एके दिवशी उतरत्या उन्हात लांडगा आला. कळपाच्या कडेला रतनी चरत होती. बाळाबाईनं आईविना वाढवलेली मेंढी, आता गाभण. लांडगा तिच्यावरच चालून आला. धुळा ओरडला, "वाघ्या, धर!"

नवा वाघ्या पायाशीच होता. बाणासारखा सुटला आणि त्यानं धरली. रतनीला! पाय पकडून लांडग्यासमोर उभी केली, हलू देईना. घरचा वाघ्या कान टवकारून बसलेला. धुळा घसा फोडून तेच ओरडत होता आणि नवा आणखी घट्ट धरत होता.

शेवटी धुळानं ताठा गिळला आणि बायकोचेच शब्द ओरडला, "घरच्या वाघ्या, धर! कळपाच्या वाघ्या, सोड!"

एकानं सोडली, दुसरा सुटला. लांडगा ओढ्यापलीकडे पळाला. रतनी वाचली.

धुळानं नव्यावर काठी उगारली. पालातून धावत आलेल्या बाळाबाईनं ती अडवली. "त्येला का मारताय? धर म्हणालासा, धरली. त्येचं चुकलं कुठं?"

धुळानं काठी खाली घेतली.

नाव त्यानं कुणाचंच बदललं नाही. दोघांनीही ते कमावलेलं. पण त्या दिवसापासून माळभर पुरी हाक जायची. बाकीचे धनगर हसायचे, "धुळा कुत्र्यांना आडनावं लावतोय रं!"

धुळा मान ताठ करून म्हणायचा, "लावतो. तुमच्याकडं एक वाघ्या. माझ्याकडं दोन, आणि एकबी चुकत न्हाई."

तात्पर्य: सोबत आलेलं आणि आपण आणलेलं एकाच नावाचं निघालं, तर कुणाचं नाव पुसू नये, कुणावर काठी उगारू नये, कुठलं हवं ते हाक मारणाऱ्यानं पुरतं सांगावं. आणि गावात दोन धोंडीराम असताना, कुठला ते न विचारता भर चावडीत मला कोंबडीचोर ठरवून ज्यानं अजून माफी मागितलेली नाही, त्या केरबा लोहारानं हे आधी वाचावं.