काकूंची प्रयोगशाळा

दुबईच्या खाद्यप्रदर्शनात वेंगुर्ल्याच्या हेमलता कुबल एका टेबलावर लोणच्याच्या बरण्या मांडून बसल्या होत्या. समोर राजवाडकरांच्या लोणच्याच्या कंपनीचा दुमजली स्टॉल होता, त्यावर पाटी होती, ‘आजीच्या हातची चव’. तिसऱ्या दिवशी मस्कतचा एक बडा व्यापारी हेमलताबाईंचं लोणचं चाखून ऑर्डर द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात राजवाडकर मध्ये आले.

“आमचा माल तीन प्रयोगशाळांत तपासलाय,” ते टायची गाठ सारखी करत म्हणाले. “या बाईंचा कुणी तपासलाय?”

व्यापारी थबकला.

हेमलताबाईंनी घड्याळ पाहिलं. “एक वाजायला दोन मिनिटं आहेत. तेवढी थांबा, तपासणारे येतीलच.”

एक वाजला. राजवाडकरांच्या कंपनीचे टी-शर्ट घातलेली पाच माणसं जेवणाचे डबे घेऊन आली आणि हेमलताबाईंच्या टेबलापुढे रांगेत उभी राहिली. मालक तिथेच आहेत हे दिसायच्या आत पहिला बोलून गेला, “काकू, कालच्यासारखंच कैरीचं वाढा. जरा जास्त.”

हेमलताबाईंनी पाचही जणांना वाढलं आणि त्या व्यापाऱ्याकडे वळल्या.

“ही माझी प्रयोगशाळा. रोज एक वाजता उघडते. माणसांचा पगार तेवढा राजवाडकरसाहेब देतात.”