आ वासलेले मासे

फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगराच्या पायथ्याशी म्हातारा आणि म्हातारी राहत होती. अंगणातल्या दगडी हौदात त्यांनी मासे पाळले होते. त्या माशांवरच दोघांचं पोट होतं.

माशांना खाऊ घालणं म्हातारीचं काम. कोंडा आणि पेंड कालवून ती काठावर बसायची. चिमूटभर टाकायची, थांबायची. मासे वळून आले तर पुन्हा चिमूटभर. ते तळाशी गेले की उठायची.

मग म्हातारीने अंथरूण धरलं. चूल, पाणी, तिचं उठवणं-बसवणं, सगळं म्हाताऱ्यावर आलं. माणूस मायेचा, पण पार थकून गेला. तो सकाळी उभ्या उभ्याच पेंडीची टोपली हौदात पालथी करायचा आणि आत यायचा.

काही दिवसांनी मासे वर येऊन आ वासू लागले.

"उपाशी आहेत बिचारे," म्हातारा पुटपुटला. त्याने आणखी एक टोपली ओतली. दुसऱ्या दिवशी वर आलेली तोंडं वाढली, म्हणून त्याने पेंडही वाढवली.

त्या दुपारी तो म्हातारीला पेज भरवत होता. तिने तोंड उघडलं, त्याने घास घातला. पुन्हा उघडलं, पुन्हा घातला. शेवटी तिने त्याचं मनगट धरलं.

"अहो, बोलायला तोंड उघडतेय मी. तुम्ही पेज कोंबताय."

"मला वाटलं, भूक आहे."

"पोट कधीच भरलं. हौदाकडून घाण वास येतोय, ते सांगतेय मघापासून."

म्हाताऱ्याने पेजेची वाटी खाली ठेवली. मग तो उठून हौदाशी गेला.

तळाशी पेंड कुजून पाणी नासलं होतं. मासे खायला मागत नव्हते, श्वासासाठी तडफडत होते. कितीतरी उलटे होऊन तरंगत होते. त्याने हौदाचा बोळा काढून घाण पाणी वाहू दिलं, तळ खरवडला, पाटाचं ताजं पाणी आत सोडलं. तिन्हीसांजेला उरलेले मासे खाली गेले.

"किती राहिले?" म्हातारीने विचारलं.

"निम्मे."

तिने त्याचा ओला हात हातात घेतला. मग म्हणाली, "दमलात हो तुम्ही. उद्यापासून काठावर बसून टाका. तेवढाच विसावा मिळेल."

दुसऱ्या दिवशी तो बसला. चिमूटभर टाकली, थांबला. दुपारी म्हातारीने तोंड उघडलं, तेव्हा त्याने घास हातातच धरला.

"काय म्हणतेस?"

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "भूक लागलीय."

लहानांनो, थोरांनो, उघडलेलं प्रत्येक तोंड घासच मागतं असं नाही. म्हणून देण्याआधी क्षणभर थांबून विचारावं.