येसबानं राखलेला बंधारा

नदीकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगात रेड्याचं बळ, मनात काडीचं कपट नाही, आणि डोक्यात... जाऊ द्या, ते पुढं कळेलच.

गावाखाली नदीवर एक छोटा बंधारा होता. दगडी खांब, आणि खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. पावसाळा सरला की फळ्या घालायच्या, मग मागं छान डोह तुंबायचा. त्यात पोरं डुंबायची. केरबा आंबी नावाडी हौशी पाहुण्यांना होडीतून फिरवायचा. आणि चैत्रातल्या जत्रेला होड्यांच्या शर्यती लागायच्या. फळ्या तेवढ्या जुन्या झाल्या होत्या.

येसबाचा जीव जडला होता केरबाच्या पोरीवर, शेवंतावर. शेवंताचीही ना नव्हती. बाईमाणसाला काय आवडेल, सांगता येतं होय!

केरबा म्हणाला, "जत्रेपर्यंत बंधारा राखून दाखव. शर्यतीला डोह काठोकाठ दिसला, तर लग्नाची तिथी काढतो. पाणी गेलं, तर पोरगी विसरायची."

"राखतो की, मामा!" येसबा म्हणाला. मामा म्हणायला त्यानं तिथंच सुरुवात केली.

"आणि ध्यानात ठेव. कुठं थेंब गळताना दिसला, की चिखल-पेंढा घ्यायचा आणि भोक बुजवायचं."

"बरं मामा."

सोमवारी येसबा महादेवाला गेला. शेवंता मिळू दे म्हणून हात जोडले आणि वर बघतो तर काय! पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यातून थेंब थेंब पाणी गळतंय! येसबा धावत बाहेर गेला, चिखल-पेंढा आणला आणि अभिषेकाच्या भांड्याचं भोक गच्च बुजवून टाकलं. वरून थापटलं सुद्धा. गुरव बोंबलत केरबाकडं गेला.

केरबानं कपाळावर हात मारला. "आरं बैला, ते देवाचं पाणी! तिथं पायताण काढायचं, हात जोडायचे, ओंजळीत तीर्थ घ्यायचं, डोळ्याला लावायचं!"

"बरं मामा. आता चुकायचा नाही."

आणि खरंच चुकला नाही. दोन दिवसांनी बंधाऱ्याच्या फळ्यांतून चिळकांडी उडाली. येसबानं पायताण काढलं. हात जोडले. ओंजळ भरून तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं. चिळकांडीची धार झाली. येसबानं पुन्हा घेतलं. धार मनगटाएवढी झाली. फळी फुगून करकरायला लागली. येसबाला वाटलं, देव पावला! त्यानं सरळ लोटांगण घातलं.

केरबा होडी टाकून धावला. त्यानं हाताला लागेल ते कोंबलं, शेवटी स्वतःचा पटका कोंबला, तेव्हा कुठं धार थांबली. खाली कपडे धुणाऱ्या बायका थोडक्यात वाचल्या.

"आरं, मेली असती की माणसं!" केरबा ओरडला. "पाणी फुटलं की बोंब ठोकायची! फुटलं, फुटलं म्हणून सगळा गाव गोळा करायचा!"

"बरं मामा. आता चुकायचा नाही."

जत्रेच्या आदल्या दिवशी केरबानं नव्या होडीची पूजा मांडली. हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि काठावरच्या दगडावर नारळ आपटला. नारळातलं पाणी शेजारी उभ्या येसबाच्या अंगावर उडालं.

"फुटलं! फुटलं! पाणी फुटलं! पळा!"

सगळा गाव फावडी-पाट्या घेऊन धावला. म्हाताऱ्या गाठोडी बांधून टेकडीवर चढल्या. बाकीचे नदीवर येऊन बघतात, तर केरबा हातात खोबऱ्याची वाटी घेऊन उभा. शेवंता पदर तोंडाला लावून हसत होती.

केरबाला शरमेनं मेल्यासारखं झालं. "येश्या, गाव काठावर आणलास, आता प्रसाद तरी वाट."

येसबानं खोबऱ्याचा एकेक तुकडा दिला. लोक लाजून म्हणाले, "पुरे, पुरे." येसबा लगेच थांबला.

"आरं, पुरे म्हटलं की थांबतोस होय?" केरबा कुजबुजला. "पाहुणा लाजतो. आपण आग्रह करायचा! माझ्यासाठी एक घ्या म्हणायचं. पाहुणा हात आडवा धरतो, तरी वाढायचं!"

"बरं मामा. आता चुकायचा नाही."

जत्रा उजाडली. डोह काठोकाठ भरला होता. होड्या रांगेत उभ्या राहिल्या, केरबा नव्या होडीत वल्हं धरून तयार. तेवढ्यात तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. बंधारा धड असला तरच शर्यत सुटणार होती. साहेब बंधाऱ्यावर खुर्ची टाकून बसले.

"काय रे, फळ्या कुजल्या नाहीत ना? वरची एक काढून दाखव बघू."

येसबानं आकडा घातला, एक फळी उपसली आणि दोन्ही हातांनी अदबीनं साहेबांच्या मांडीवर ठेवली.

साहेबांनी ठोकून बघितली. "चांगली आहे. पुरे."

येसबा गालात हसला. पाहुणा लाजला! त्यानं खालची फळी उपसली. "असं कसं, साहेब? माझ्यासाठी एक."

"अरे, नको! पुरे!"

"मामांसाठी एक!"

साहेबांनी दोन्ही हात आडवे धरले. येसबानं हातांवरच वाढली. "आता ही शेवंतासाठी! तिचं मन मोडायचं नाही!" दोन खांबांमधल्या एका गाळ्याच्या फळ्या संपल्या, तसा येसबा दुसऱ्या गाळ्याकडं वळला. पाण्याचा असा धबधबा सुटला, की साहेबांचं ओरडणं कुणालाच ऐकू जाईना. उठायला जावं, तर फळ्यांच्या ढिगाखाली पाय अडकलेले.

डोह उतरला. होड्या एकेक करून चिखलात बसल्या. केरबा आपल्या होडीत तसाच उभा होता, वल्हं वर धरून, तोंड उघडं टाकून.

येसबा घामानं निथळत, चिखल तुडवत त्याच्याजवळ आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मामा, साहेब लई लाजरे हो! नको नको म्हणत होते, पण मी एक फळी शिल्लक ठेवली नाही. आता काढा तिथी!"